लॅपटॉपच्या फटीतलं कार्ड लिनक्सवर चालू करायचंय? आधी हे वाचा

जुन्या लॅपटॉपच्या कडेला एक चपटी फट असते आणि तिच्यात सरकवायचं एक कार्ड असतं. वायफायचं, नेटवर्कचं, सीरियल पोर्टचं, नाहीतर जादा यूएसबीचं. माझ्याकडचं कार्ड वायफायचं होतं. ते लिनक्सवर चालावं म्हणून मी दोन रात्री ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) शोधत बसलो. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून पाहिला, मॉड्यूल (कर्नलला जोडायचे तुकडे) काढले-घातले, दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचं वेगळं वाण) टाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी टॉर्च मारून फटीत डोकावलो, तर आतली एक पिन वाकलेली. लॅपटॉपला कार्ड लावलंय हेच कळत नव्हतं, मग ड्रायव्हर काय करणार कपाळ!

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: फट, ब्रिज (फटीला लॅपटॉपशी जोडणारी चिप), कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) आणि मग नेटवर्कची सेटिंग. साखळीतली एक कडी शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत पुढच्या कडीला हात लावायचा नाही. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने आहेत.

एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि कर्नलचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे, आणि लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो हे विसरायचं नाही.

१. कार्ड हातात घ्या आणि कडेने बघा

सगळे ज्याला सरसकट 'पीसीएमसीआयए कार्ड' म्हणतात, त्यात खरं तर तीन वेगळ्या पिढ्या आहेत. पुढचं सगळं यावरच ठरतं, म्हणून इथे घाई नको.

पहिली पिढी १६ बिटी पीसी कार्डाची. १९९० च्या पहिल्या आवृत्तीत फक्त मेमरी कार्डं होती. मोडेम, नेटवर्क वगैरे पुढच्या आवृत्तीत आलं. दुसरी पिढी कार्डबस, १९९५ ची. आकार तोच, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, आणि टोकाला ६८ छिद्रंही तशीच. पण आतून ही ३२ बिटी पीसीआय बस (संगणकातल्या भागांना जोडणारा मार्ग) आहे, ३३ मेगाहर्ट्झची, आणि चालते फक्त ३.३ व्होल्टवर. तिसरी एक्स्प्रेसकार्ड, २००३ ची. तिला २६ संपर्क, रुंदी ३४ किंवा ५४ मिलिमीटर. पहिल्या दोघींशी तिचं काहीच जुळत नाही.

पहिल्या दोन ओळखायच्या कशा? कार्डाचं छिद्रांचं टोक उजेडात धरा. वरच्या बाजूला छिद्रांलगत सोनेरी धातूची पट्टी असेल आणि तिच्यावर बारीक उंचवटे असतील (बहुतेक कार्डांवर आठ), तर ते कार्डबस. नखाने हे उंचवटे सहज मोजता येतात. पट्टी नसेल तर बहुधा १६ बिटी. स्टिकरवर काय छापलंय याला मी फारसं महत्त्व देत नाही. ही पट्टी जास्त भरवशाची.

१६ बिटी कार्ड कार्डबसच्या फटीत चालतं. उलटं चालत नाही: फक्त ५ व्होल्टच्या जुन्या फटीत कार्डबसचं कार्ड शिरूच नये म्हणून त्याची कडेची खाच वेगळी ठेवलेली असते. कार्ड अर्ध्यात अडत असेल तर जोर लावू नका. ते अडावं म्हणूनच तसं केलंय.

जाडीही बघून घ्या. टाइप एक ३.३, टाइप दोन ५ आणि टाइप तीन १०.५ मिलिमीटर. टाइप तीन कार्डाला एकावर एक अशा दोन फटींची जागा लागते, त्यामुळे एकाच फटीच्या लॅपटॉपात ते बसत नाही.

२. जमवाजमव

सुरुवात करण्याआधी एवढं हाताशी असू द्या:

- छोटा टॉर्च
- केबलने मिळणारं इंटरनेट, किंवा दुसरा संगणक आणि पेनड्राइव्ह (वायफायचं कार्ड चालू करायला वायफाय लागतं, हा विनोद लवकरच तुमच्याही वाट्याला येईल)
- पीसीआययूटिल्स, यूएसबीयूटिल्स आणि पीसीएमसीआयएयूटिल्स ही तीन पॅकेजेस
- रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार
- कागद-पेन

जुन्या लेखांत 'पीसीएमसीआयए-सीएस' हे पॅकेज आणि 'कार्डमॅनेजर' (टर्मिनलवर कार्डएमजीआर) नावाचा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, सापडेल. ते वाचून वेळ घालवू नका. कर्नल २.६.१३ पासून ती पद्धत मागे पडली आणि पीसीएमसीआयएयूटिल्स आलं. आजच्या यंत्रणेवर कार्डमॅनेजर शोधत बसलात तर तो सापडणार नाही, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं उगाच वाटत राहील.

३. ब्रिज दिसतोय का?

कार्ड बाहेर काढून ठेवा. आता

एलएसपीसीआय -एनएनके

ही आज्ञा द्या. यादीत 'कार्डबस ब्रिज' अशी ओळ हवी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, रिको किंवा ओटूमायक्रो यांपैकी कुणाची तरी चिप बहुधा असते. त्याच नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहून पुढे 'येन्टा_कार्डबस' दिसलं, की ही कडी शाबूत आहे.

ब्रिज दिसतोय पण ड्रायव्हर नाही? मग मॉडप्रोब आज्ञेने 'येन्टा सॉकेट' मॉड्यूल हाताने घाला (दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर). मॉड्यूलच नाही असं उत्तर आलं, तर तुमच्या डिस्ट्रोने कर्नल बांधताना पीसीएमसीआयएचा आधार वगळलाय. बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलीत 'पीसीएमसीआयए' शब्द ग्रेप आज्ञेने शोधून खात्री करा. तसं असेल तर कर्नल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

ब्रिजच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. काही लॅपटॉपांत कंट्रोलर बंद ठेवायची सोय असते, काहींत कंट्रोलरचा मोड निवडता येतो. तिथे 'ऑटो' किंवा 'कार्डबस' ठेवा. फार जुन्या, नव्वदच्या दशकातल्या मशीनवर ब्रिज पीसीआयवर नसतोच, तो आयएसए (पीसीआयच्या आधीची बस) पद्धतीचा असतो. तो एलएसपीसीआयमध्ये दिसणार नाही. त्याचं मॉड्यूल 'आय८२३६५'.

ब्रिजशी संबंधित आणखी एक ओळ डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) शोधा: अमुक बस 'हिडन बिहाइंड ट्रान्सपरंट ब्रिज' आणि पुढे 'ट्राय पीसीआय=असाइन-बसेस'. अशी ओळ असेल तर कर्नल चक्क उपाय सांगतोय, तो ऐका. ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या) मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ते शब्द जोडा आणि बूट करा. चाललं तरच ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहा. आधीच फाइल बदलून ठेवली आणि मशीन उठलंच नाही, असं होऊ देऊ नका.

४. सॉकेट स्टेटस वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी पायरी ही, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही. येन्टा मॉड्यूल सुरू होताना डीमेसेजमध्ये 'सॉकेट स्टेटस' म्हणून आठ अंकांचा आकडा टाकतं. लोक तो बघून पुढे सरकतात. मीही सरकलो होतो.

कार्ड फटीत घालून मशीन बूट करा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. तो सोळाच्या पायातला आहे आणि त्याचा एकेक अंक बोलतो.

सुरुवातीचा ३ म्हणजे १ अधिक २: ही फट ५ व्होल्टही देते आणि ३.३ व्होल्टही.

शेवटचा अंक ६ असेल, म्हणजे पूर्ण आकडा ३००००००६, तर फट रिकामी आहे. इथलं ६ म्हणजे २ अधिक ४. कार्ड बसलंय हे ओळखायला दोन पिना असतात, एक ३६ क्रमांकाची आणि एक ६७ ची. दोन ओळींतल्या दुसऱ्या ओळीच्या दोन टोकांना त्या मुद्दाम ठेवल्यात, म्हणजे कार्ड तिरकं बसलं तर एकच लागते आणि गडबड कळते. शिवाय या दोन पिना सगळ्यांत आखूड असतात, त्यामुळे बाकी सगळं जोडलं गेल्यावरच 'कार्ड आलं' ही बातमी जाते. पहिली लागली नसेल तर २, दुसरी लागली नसेल तर ४, दोन्ही नाही तर ६.

शेवटचे दोन अंक १० असतील तर १६ बिटी कार्ड सापडलंय. २० असतील तर कार्डबस.

उजवीकडून तिसरा अंक व्होल्टेज सांगतो: ४ म्हणजे ५ व्होल्टचं कार्ड, ८ म्हणजे ३.३ चं.

आता ३००००८२० हा आकडा वाचून बघा: कार्डबस कार्ड, ३.३ व्होल्ट, सगळं आलबेल. ३००००४१० म्हणजे ५ व्होल्टचं १६ बिटी कार्ड. दोन मिनिटांत जमतं.

माझ्या मशीनवर कार्ड आत असताना शेवटी ४ येत होता. म्हणजे ६७ ची पिन लागत नव्हती. टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या ओळीच्या टोकाची, कडेपासून दुसरी पिन शेजारणीकडे झुकलेली दिसली. अशा वेळी लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरीही काढा. लीड बदलता येणाऱ्या पेन्सिलीतली लीड काढून टाकून तिचं पोकळ टोक पिनेवर बसवायचं आणि अगदी हलक्या हाताने ती सरळ करायची. एका दमात करू नका. पिन एकदा तुटली की फट गेली. नंतर कार्ड सरकवताना शेवटी बारीकसा 'टक' असा झटका बोटांना जाणवतो. तो जाणवला नाही तर कार्ड पूर्ण बसलेलं नाही.

५. कार्डाने आपलं नाव सांगितलं का?

बूट झाल्यावर कार्ड काढून पुन्हा घाला आणि डीमेसेजच्या शेवटच्या ओळी बघा. 'कार्डबस कार्ड इन्सर्टेड' किंवा 'पीसीएमसीआयए कार्ड इन्सर्टेड' असं काहीतरी आलं पाहिजे.

कार्डबस कार्ड हे कर्नलच्या दृष्टीने साधं पीसीआय उपकरण. त्यामुळे ते एलएसपीसीआयच्या यादीतच दिसतं, चौकोनी कंसातल्या दोन आकड्यांसकट. उदाहरणार्थ १६८सी:००१३. यातला पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, इथे अथेरॉस, दुसरा चिपचा. हे दोन आकडे कागदावर लिहा. ड्रायव्हर शोधायचा तो यांवरून. खोक्यावरच्या मॉडेल नंबरावरून शोधलात तर फसाल, कारण एकाच नावाच्या कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसऱ्या आवृत्तीत भलतीच, हा प्रकार सर्रास चालतो. 'माझं हेच कार्ड लगेच चाललं' असं कुणी म्हटलं, तरी त्याच्या आणि तुमच्या कार्डात फक्त प्लॅस्टिक सारखं असू शकतं.

१६ बिटी कार्ड एलएसपीसीआयमध्ये कधीच दिसत नाही. नवख्यांची हमखास फसगत इथेच होते. त्यासाठी

पीसीकार्डसीटीएल आयडेंट

ही आज्ञा आहे. ती कार्डाच्या आत लिहिलेली माहिती वाचून उत्पादकाचं नाव, क्रमांक आणि कार्डाचा प्रकार दाखवते. एलएसपीसीएमसीआयए नावाची आज्ञाही त्याच पॅकेजमध्ये आहे; तिला व्ही पर्याय दिला की तपशील जास्त मिळतो.

६. ड्रायव्हर आणि फर्मवेअर

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप लागतो. एलएसपीसीआयच्या नोंदीत 'कर्नल मॉड्यूल्स' आहे पण 'ड्रायव्हर इन यूज' नाही, असं असेल तर ईटीसी डिरेक्टरीतल्या मॉडप्रोब.डी मध्ये त्या मॉड्यूलला कुणी काळ्या यादीत टाकलंय का ते बघा. जुन्या लेखातली ओळ तिथे आपणच कधीतरी चिकटवलेली असते आणि विसरलेलो असतो.

वायफायसाठी कार्ड अजून घ्यायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एथ५के ड्रायव्हरवर चालणारी अथेरॉसची कार्डबस कार्डं बघा. हा ड्रायव्हर कर्नल २.६.२५ पासून आत आहे आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. ब्रॉडकॉमच्या कार्डांना बी४३ ड्रायव्हर लागतो, आणि त्याचं फर्मवेअर वेगळं मिळवावं लागतं. डेबियनमध्ये ते आणणारं पॅकेज ती फाइल इंटरनेटवरून उतरवतं, म्हणून वर केबलचा आग्रह धरला.

फर्मवेअर नसल्याची खूण सोपी आहे. डीमेसेजमध्ये 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' अयशस्वी, 'एरर -२' असं येतं. उणे दोन म्हणजे फाइलच सापडली नाही. त्याच ओळीत फाइलीचं नाव असतं. ती लिब डिरेक्टरीतल्या फर्मवेअर फोल्डरात ठेवायची आणि कार्ड काढून पुन्हा घालायचं.

ड्रायव्हर लागला, इंटरफेस आला, तरी नेटवर्क दिसत नाही? आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्या. लॅपटॉपच्या कडेचं वायरलेसचं बटण बंद असेल तर काही मशीनवर ते या कार्डालाही गप्प करतं.

आणि नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही, असं असेल तर कार्डाचं वय बघा. ८०२.११बी या जुन्या वायफायच्या काळातली बरीच कार्डं फक्त डब्ल्यूईपी ही जुनी, कमकुवत सुरक्षा जाणतात. आजचे राउटर डब्ल्यूपीए२ किंवा ३ मागतात. तिथे तुमचं सगळं बरोबर आहे, कार्डच त्या भाषेत बोलू शकत नाही. राउटरची सुरक्षा उतरवून त्याला सामावून घ्यायच्या फंदात पडू नका. शिवाय १६ बिटी वायरलेस कार्डांचे अनेक जुने ड्रायव्हर अलीकडच्या कर्नलांतून काढून टाकले आहेत, त्यामुळे पूर्वी चालणारं कार्ड अपग्रेडनंतर अचानक मुकं होऊ शकतं.

७. १६ बिटी कार्डांचे नखरे

कार्डबसला पत्ते पीसीआयच्या नियमाने मिळतात. १६ बिटी कार्डाला मात्र मेमरी आणि पोर्टची मोकळी जागा शोधून द्यावी लागते. ती कुठे शोधायची हे ईटीसीमधल्या पीसीएमसीआयए फोल्डरातल्या 'कॉन्फिग.ऑप्ट्स' फाइलीत असतं. 'इन्क्लूड'च्या ओळी म्हणजे इथे शोध, 'एक्स्क्लूड'च्या म्हणजे इथे हात लावू नको.

कार्ड घालताक्षणी मशीन गोठलं, तर घाबरू नका, कार्ड जळालेलं नाही. पोर्ट चाचपताना कर्नलने दुसऱ्याच कुठल्यातरी चिपला धक्का दिलाय. फाइलीतल्या पोर्टच्या 'इन्क्लूड' ओळी एकेक करून बंद करा आणि दर वेळी कार्ड घालून बघा. कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट नाही. प्रत्येक प्रयोगाआधी सिंक आज्ञा द्या, म्हणजे गोठल्यावर डिस्कवरचं काम वाया जाणार नाही.

कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी साध्या अडॅप्टरमधून लावलीत तर ती बहुधा निमूट चालते. तिचा ड्रायव्हर 'पाटा_पीसीएमसीआयए', आणि ती साध्या डिस्कसारखी दिसते. सीरियल पोर्टच्या कार्डाला 'सीरियल_सीएस'.

८. एक्स्प्रेसकार्ड असेल तर

वरचं येन्टा, सॉकेट स्टेटस, पीसीकार्डसीटीएल यातलं काहीही इथे लागू नाही. या फटीत पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन आणि यूएसबी २.० असे दोन रस्ते असतात. कार्ड त्यातला कुठला वापरेल ते बनवणाऱ्याने ठरवलेलं. मोबाइल इंटरनेटची बरीच कार्डं यूएसबीवर असतात, म्हणून एलएसपीसीआयमध्ये काही दिसलं नाही की एलएसयूएसबी बघा.

पीसीआय एक्स्प्रेसवालं कार्ड चालू मशीनमध्ये घातल्यावर दिसत नसेल, तर ते घालूनच बूट करा. तसं चाललं म्हणजे हॉटप्लगचा (चालू मशीनमध्ये घातलेलं कार्ड ओळखण्याचा) घोळ आहे. कर्नलला पीसीआयई_पोर्ट्स=नेटिव्ह हा पर्याय देऊन बघा. किंवा बस पुन्हा तपासायला लावा: सिस डिरेक्टरीत बस, त्यात पीसीआय, त्यात 'रीस्कॅन' नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहायचा. इथे एक मजेशीर सापळा आहे. सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून एको १ त्या फाइलीकडे वळवलंत तर 'परवानगी नाही' असं उत्तर येतं, कारण सुडो फक्त एकोला लागतो, वळवण्याचं काम तुमचं साधं शेलच करतं. एको १ चं आउटपुट पाइपने सुडो टी कडे द्या आणि टी ला फाइलीचं नाव.

यूएसबी ३ चं कार्ड घेतलं असेल तर अपेक्षा जरा आवरा. पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीच्या एका लेनवर सेकंदाला २५० मेगाबाइटांपलीकडे जाता येत नाही. आणि बाहेरची हार्डडिस्क लावल्यावर कार्ड सारखं तुटत असेल, तर दोष ड्रायव्हरचा नसून विजेचा असण्याची शक्यता जास्त. अशा कार्डांना बाजूला छोटं गोल भोक असतं, ते जादा वीज द्यायलाच असतं.

९. बीएसडीवर असाल तर

बीएसडी म्हणजे लिनक्ससारख्याच, पण वेगळ्या यंत्रणा. क्रम तोच, नावं वेगळी. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीच्या डीमेसेजमध्ये ब्रिज 'सीबीबी०' म्हणून दिसतो, त्याखाली 'कार्डस्लॉट०' आणि त्याखाली 'कार्डबस०' किंवा 'पीसीएमसीआयए०'. कार्ड सापडलं पण ड्रायव्हर नसेल तर ओळीच्या शेवटी 'नॉट कॉन्फिगर्ड' येतं, इतकं सरळ. ओपनबीएसडीवर फर्मवेअर एफडब्ल्यू_अपडेट ही आज्ञा आणते. फ्रीबीएसडीवर एलएसपीसीआयच्या जागी पीसीआयकॉन्फ -एलव्ही. बीएसडीच्या ड्रायव्हरांची मॅन पानं (टर्मिनलवरची माहितीपानं) खरोखर वाचण्यासारखी असतात. कुठली कार्डं चालतात त्याची यादी बहुतेक वेळा तिथेच मिळते.

१०. काढताना

कार्ड सरळ ओढू नका. मेमरी किंवा डिस्क असेल तर आधी अनमाउंट, नेटवर्क असेल तर इंटरफेस खाली, मग

पीसीकार्डसीटीएल इजेक्ट

आणि त्यानंतर फटीशेजारचं बटण. दोन फटी असतील तर शेवटी फटीचा क्रमांक द्या, मोजणी शून्यापासून. लॅपटॉप झोपवण्याआधीही मी हेच करतो. उठल्यावर कार्ड मेल्यासारखं पडलेलं असेल तर बहुतेकदा रीबूट लागत नाही: इजेक्ट, आणि मग त्याच आज्ञेला 'इन्सर्ट' देऊन बघा, कार्ड जागचं हलवायचीही गरज पडत नाही.